उफणणीपासून एअर डस्टरपर्यंत : धूळ जाते कुठे?

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेल्या पुनरुक्त्या काढल्या आहेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलं आहे.)



मागच्या आठवड्यात लातूरहून एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. त्यांचं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. दहा बाय बाराचा गाळा, आत चार कॉम्प्युटर, दोन प्रिंटर आणि एक मोठं झेरॉक्स मशीन. ते म्हणतात, "सर, दर दोन महिन्याला सीपीयू उचलून पंक्चरच्या दुकानात न्यावा लागतो, हवा मारायला. आता ते चार्जिंगचं, बिनवायरचं हवा मारायचं मशीन निघालंय. घ्यावं का नको? आणि घेतलं तर कोणतं?" मेसेज संपता संपता एक वाक्य होतं : "दुपारी मी जेवायला गेलो की दुकानात आई बसते. तिला दम्याचा त्रास आहे, म्हणून विचारतोय."

आता आपला पॉडकास्ट इतिहासाचा. खरेदीचा सल्ला द्यायला आपण बसत नाही. पण या प्रश्नाचं उत्तर शोधायला निघालो आणि थेट ज्वारीच्या खळ्यावर जाऊन पोचलो. तर आज तिथूनच सुरू करू.

खळ्यावरचं शहाणपण

नांदेड-लातूरकडच्या ज्यांचं बालपण शेतात गेलंय, त्यांना उफणणी आठवत असेल. मळणी झाली, खळ्यात धान्य आणि भुसकट एकत्र पडलंय, आणि घरातली सगळी माणसं वाऱ्याची वाट बघत बसलीत. वारं सुटलं की एक जण उंचावर उभा राहायचा आणि सूप डोक्याच्या वर धरून हळूहळू धान्य सोडायचा. दाणा जड, तो जवळच पडे. भुसकट हलकं, ते थोडं पुढे जाऊन पडे. आणि धूळ सगळ्यात पुढे निघून जाई. एकाच वाऱ्यात तीन वाटण्या.

यात एक गोष्ट कुणी शिकवत नसे, पण सगळ्यांना माहीत असे. वारा कुठून येतोय हे बघितल्याशिवाय सूप उचलायचं नाही. ज्या बाजूला धूळ जाणार त्या बाजूला लेकरं बसवायची नाहीत, पाण्याची घागर ठेवायची नाही. उफणणाऱ्यानं स्वतः नाकातोंडाला उपरणं गुंडाळायचं. म्हणजे काम सुरू व्हायच्या आधीच धूळ कुठे जाणार हे ठरलेलं असे.

नैसर्गिक वाऱ्याचा भरवसा नाही म्हणून माणसानं हातानं फिरवायचा पंखा केला. चीनमध्ये हान राजवटीच्या काळातल्या, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या थडग्यांत अशा उफणणी यंत्रांच्या मातीच्या छोट्या प्रतिकृती सापडल्या आहेत. पेटीत बंद केलेला पंखा, एका बाजूनं हवा आत, दुसऱ्या बाजूनं जोरात बाहेर. आज हातात मावणारा एअर डस्टर उघडून बघितला तर आत हेच आहे. फक्त पंखा अंगठ्याएवढा झालाय आणि फिरवायला हाताऐवजी मोटर आलीय.

दुसरा पूर्वज आपल्या स्वयंपाकघरातला, फुंकणी. तोंडानं नुसतं फुंकलं तर हवा पसरते. नळीतून फुंकलं तर ती एकाच निखाऱ्यावर जाते. डस्टरच्या डब्यात तीन-चार तोंडं येतात, अरुंद, चपटं, ब्रशवालं, त्या सगळ्यांचं तत्त्व फुंकणीचंच. तोंड अरुंद असलं की झोत नेमका पडतो, रुंद असलं की जास्त जागेवर पण हळू.

मिलमधली हवा

आता खळ्यावरून उठून नांदेड शहरात येऊ. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावाची उस्मानशाही मिल ही या शहराची कैक वर्षं ओळख होती. पुढे एनएचएच-४४ हा गाजलेला संकरित वाण आला, तोही नांदेडच्याच कापूस संशोधन केंद्राचा. कापूस आला की सरकी आली, जिनिंग आलं, आणि हवेत तरंगणारा तो पांढरा भुगा आला. त्याच्याही आधी पिंजारी दारात बसून धनुकलीनं गादीचा कापूस पिंजायचे, तेव्हा त्यांच्याही तोंडाला फडकं असायचं.

जगभरच्या सूतगिरण्यांत यंत्रांवर बसलेला हा भुगा काढायचा सोपा उपाय होता : दाबाखालची हवा. नळी धरायची, फर्रर्र करून उडवायची, यंत्र दोन मिनिटांत लख्ख. पण खळ्यावर धूळ रानात निघून जायची. गिरणीला मात्र चारी बाजूंनी भिंती. उडालेला भुगा तिथंच फिरायचा आणि कामगारांच्या छातीत जायचा.

यातून होणाऱ्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. त्याचं एक विचित्र लक्षण आहे. सुट्टीनंतर माणूस सोमवारी कामावर आला की छाती जास्त आवळते, म्हणून त्याला 'सोमवारचा ताप' असंही नाव पडलं. सुरुवातीला आठवड्यातल्या बाकीच्या दिवशी बरं वाटतं, त्यामुळे कुणी मनावर घेत नाही. वर्षानुवर्षं गेली की मग ते रोजचं होऊन बसतं. अमेरिकेनं १९७८ साली कापसाच्या धुळीसाठी कडक नियम केले. त्यात एक कलम होतं : दुसरा उपाय शक्य असेल तिथे दाबाच्या हवेनं भुगा उडवून सफाई करायची नाही.

धुळीचा आणखी एक धोका आहे. तो लातूरच्या डाळमिलवाल्यांनी आणि पिठाच्या गिरणीवाल्यांनी लक्षात ठेवावा. पीठ किंवा डाळीचा बारीक भुगा खाली पडलेला असतो तोवर गरीब असतो. हवेत त्याचा ढग झाला आणि ठिणगी मिळाली की भडका उडतो. २ मे १८७८ ला अमेरिकेत मिनियापोलिसची एक प्रचंड पिठाची गिरणी अशीच उडाली, १८ माणसं गेली. तिथे कुणी डस्टर मारत नव्हतं, पण हवेतलं पीठ काय करू शकतं हे त्या दिवशी जगाला कळलं. म्हणून गिरणीत किंवा मिलमध्ये साठलेला भुगा हवेनं उडवायचा नाही. झाडून, गोळा करून बाहेर काढायचा.

उडवायचं की ओढायचं?

आता थोडं लंडनला जाऊ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ह्यूबर्ट सेसिल बूथ नावाचा एक इंजिनिअर तिथे सफाई यंत्राचं प्रात्यक्षिक बघायला गेला. यंत्र दाबाच्या हवेनं धूळ उडवत होतं. बरीचशी धूळ उडून पुन्हा खाली बसत होती. बूथनं विचारलं, उडवण्याऐवजी ओढून का घेत नाही? शक्य नाही म्हणून उत्तर मिळालं. मग या माणसानं काय करावं? हॉटेलातल्या मखमली खुर्चीवर रुमाल ठेवला, त्याला तोंड लावलं आणि जोरात श्वास आत ओढला. रुमालाच्या खालच्या बाजूला काळा डाग उमटला. १९०१ साली त्यानं पेटंट घेतलं आणि व्हॅक्यूम क्लीनर जन्माला आला.

म्हणजे हवेनं साफ करायचे दोनच मार्ग. एक उडवायचा, एक ओढायचा. ओढलेली धूळ पिशवीत जाते, तिचा पत्ता आपल्याला माहीत असतो. उडवलेल्या धुळीचा पत्ता आपण आधी ठरवावा लागतो.

तिसरा मार्ग आपल्या घरातला, ओलं फडकं. सगळ्यात स्वस्त. पण लातूरकरांना पाण्याची गोष्ट वेगळी सांगायला नको. मांजरा धरण आटलं आणि १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. पाण्याच्या टाक्यांजवळ भांडणं नकोत म्हणून जमावबंदी लावायची वेळ आली होती. फडकं भिजवायला तांब्याभर पाणी लागतं, पण त्या उन्हाळ्यात तांब्याचाही हिशेब होता. कोरडी सफाई तिथे लोकांना आपली वाटते, त्यामागे हा अनुभव आहे.

आणि कॉम्प्युटरच्या आत तर ओलं फडकं चालतच नाही. तिथे उडवणंच भाग आहे.

पंक्चरचं दुकान, डबा आणि बॅटरी

त्यासाठी आपल्याकडे तीन पर्याय आले.

पहिला पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर. जोर भरपूर, पण तो जोर ट्रकच्या टायरसाठी आहे. शिवाय हवा दाबली की तिच्यातली वाफ टाकीत पाणी होऊन साठते, कधी त्यात तेलही मिसळतं. ते थेंब थेट मदरबोर्डवर जातात.

दुसरा, फवाऱ्याचा डबा. त्यात हवा नसतेच. दाबून द्रव केलेला वायू असतो, बहुतेक डब्यांत डायफ्लुरोइथेन. तो पेट घेतो. डबा तिरका धरला तर द्रवच बाहेर येतो, बोटाला लागला तर कातडी गोठते. आणि संपला की डबा फेकायचा.

तिसरा, आपल्या श्रोत्याला हवा असलेला, बिनवायरचा. तो शक्य झाला दोन गोष्टींमुळे : ब्रश नसलेली छोटी वेगवान मोटर आणि लिथियम-आयन बॅटरी. सोनीनं ही बॅटरी १९९१ साली बाजारात आणली, तेव्हा ती कॅमेऱ्यांसाठी होती. आज तीच डस्टरच्या मुठीत आहे.

आता खरेदीचं बोलू. खोक्यावर मोठ्या अक्षरात 'एक लाख आरपीएम' लिहिलेलं असतं. पंखा किती वेगानं फिरतो हे त्यातून कळतं, बाहेर हवा किती येते हे नाही. हवेचा वेग आणि झोताचा जोर दिलाय का ते बघा. दिला नसेल तर दुकानात चालवून हातभर अंतरावर तळहात धरा.

मग बॅटरी. समजा खोक्यावर ६००० एमएएच लिहिलंय. बहुधा ती सेलची बेरीज असते, म्हणून ३.७ व्होल्टनं गुणा. सुमारे २२ वॉट-तास झाले. मोटर १०० वॉट खात असेल तर पूर्ण जोरात १३ मिनिटं. कागदावरचा 'तासभर' हा सगळ्यात हळू वेगाचा असतो. आणि ५ व्होल्ट, २ अँपिअरच्या साध्या चार्जरनं ती भरायला अडीच-तीन तास लागतात. तुमचे चार सीपीयू १३ मिनिटांत होतील, पण मध्येच थांबून चार्ज करायची वेळ येऊ नये एवढी क्षमता घ्या. हवा आत घेणाऱ्या तोंडाला जाळी हवी, आणि ती काढून झटकता आली पाहिजे. नाहीतर मशीन स्वतःच धूळ गिळून बसेल.

वापरताना : सीपीयूची वायर आधी काढायची. आतला पंखा बोटानं धरून ठेवायचा, झोतानं तो गरगर फिरू द्यायचा नाही, त्यानं बेअरिंग जातं आणि उलटी वीजही तयार होते.

आणि आता दादा, तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. झेरॉक्स मशीनच्या आत आणि प्रिंटरच्या कार्ट्रिजपाशी हा झोत अजिबात मारू नका. टोनरची पावडर साध्या धुळीपेक्षा कितीतरी बारीक असते. उडाली की दुकानभर तरंगत राहते. घरचा साधा व्हॅक्यूमही तिला अडवत नाही, मागच्या बाजूनं परत बाहेर सोडतो. ती कोरड्या मऊ फडक्यानं टिपून घ्यायची, हाताला लागली तर गार पाण्यानं धुवायची. मशीन आतून साफ करायचं असेल तर मेकॅनिककडे टोनरसाठीचा खास फिल्टर असलेला व्हॅक्यूम आहे का ते विचारा.

सीपीयूसाठी डस्टर जरूर घ्या. पण सीपीयू दुकानाबाहेर ओट्यावर आणून ठेवा, सकाळी दुकान उघडल्या उघडल्या, गिऱ्हाईक यायच्या आधी. वारा कुठून आहे ते बघा, त्याच्याकडे पाठ करा, तोंडाला मास्क लावा. शेजारच्या चहाच्या गाड्याकडे धूळ जात नाही ना, तेही बघा. दुकानाच्या आत जी धूळ आहे, टेबलावरची, कीबोर्डवरची, तिला ओलसर फडकं. तांब्याभर पाणी त्याला पुरतं. आणि आई येण्याच्या वेळेला यातलं काहीही करायचं नाही.

माझी आजी चुलीत फुंकणी घालायच्या आधी एकदा मागे वळून बघायची आणि म्हणायची, "लेकरा, जरा बाजूला सरक." राख कुठे उडणार ते तिला माहीत असायचं.

दादा, मशीन घेतलं की कळवा. आईंना आमचा नमस्कार सांगा. पुढच्या भागात भेटू.