ओंडका, पाचर आणि दोन हात

आमच्या लहानपणी बंबासाठी जळण वखारीतून येई. तिथे एक जण ओंडक्यावर पाचर धरी आणि दुसरा घण घाली. पाचर धरणाऱ्या मामांच्या डाव्या हाताची दोन बोटे अर्धीच होती. "एक घाव चुकला," एवढेच ते सांगत. पुढे यंत्रांचा अभ्यास करताना ती बोटे मला नेहमी आठवत.

आज हे काम हायड्रॉलिक यंत्र करते. त्याचे मूळ सतराव्या शतकात आहे. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व बाजूंना सारखाच पोचतो, हे फ्रान्सच्या ब्लेझ पास्कल यांनी मांडले. त्यांचा तो ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १६६३ मध्ये प्रसिद्ध झाला. मोठ्या दट्ट्याचे क्षेत्रफळ लहान दट्ट्याच्या शंभरपट असेल, तर एक किलोचा जोर शंभर किलोंचा होतो. मात्र मोठा दट्ट्या शंभरपट कमी सरकतो. फुकट काहीच मिळत नाही!

तत्त्व कळले, तरी यंत्र व्हायला सव्वाशेहून अधिक वर्षे गेली. लंडनमध्ये जोसेफ ब्रामा यांनी १७९५ मध्ये हायड्रॉलिक प्रेसचे पेटंट घेतले. अडचण होती गळतीची. दट्ट्याभोवतीचे आवरण सैल ठेवले तर पाणी निसटे, आवळले तर दट्ट्याच अडकून बसे. त्यांचे सहकारी हेन्री मॉडस्ले यांनी यावर चामड्याच्या वाटीसारख्या कड्याची तोड काढली, असे सांगतात. पाण्याचा दाब वाढला, की कड्याची कड आपोआप दट्ट्याला घट्ट बिलगे. दाब उतरला, की सैल होई.

ब्रामा यांची अखेरही लाकडाशीच जोडलेली आहे. १८१४ मध्ये हॅम्पशायरच्या होल्ट जंगलात त्यांच्या यंत्राने झाडे मुळासकट उपटण्याचे काम चालले होते. तिथे त्यांना थंडी बाधली आणि त्याच डिसेंबरात ते गेले.

आता पाण्याची जागा तेलाने घेतली आहे. दहा सेंटिमीटर व्यासाच्या दट्ट्यावर दर चौरस सेंटिमीटरला १७५ किलो दाब दिला, तर पावणेचौदा टनांच्या आसपास जोर मिळतो. पण नुसत्या टनांवर यंत्राची पारख करू नये. चांगल्या यंत्रात पंप दोन टप्प्यांचा असतो. ओंडक्याला टेकेपर्यंत तो कमी दाबाने भरपूर तेल देतो, म्हणून दट्ट्या झपाट्याने सरकतो. लाकडाने विरोध केला, की तेल थोडे आणि दाब मोठा. त्यामुळे लहान इंजिनावर भागते. दाब मर्यादेबाहेर गेलाच, तर एक झडप उघडून तेल टाकीत परत जाते. नळीला गळती दिसली, तर बोटाने मात्र चाचपू नये. सुईएवढ्या छिद्रातून उडणारे तेल कातडीत घुसते.

आणि सर्वांत महत्त्वाच्या त्या दोन तरफा. दोन्ही हात दोन तरफांवर असतील, तरच दट्ट्या पुढे सरकतो. एक हात जरी सुटला, तरी तो जागीच थांबतो. म्हणजे हात पाचरीजवळ जाऊच शकत नाही.

आमच्या वखारीत जोराची कधीच वाण नव्हती. मामांचा हात दूर ठेवील, असे मात्र तिथे काहीही नव्हते.