वेताळाची पलटण

11 मार्च 1795 ला खर्ड्याजवळ निजामाची फौज दिवसा लढली आणि रात्री घाबरली. इतिहासकार ग्रँट डफनं तो प्रसंग नोंदवला आहे. घोड्यांना पाणी पाजायला निघालेली मराठ्यांची एक छोटी तुकडी ओढ्याकाठी निजामाच्या सैनिकांच्या पुढ्यात आली, बार उडाले, आणि झोपेतून दचकून उठलेली फौज अंधारात वाटेल तशा गोळ्या झाडत सुटली. निजामअली खर्ड्याच्या किल्ल्यात शिरला. पुढचा वेढा आणि तह शाळेच्या पुस्तकात आहेच.

लढाई आणि काळोखाची धास्ती यांची अशीच गाठ 1980 साली एका चित्रकथेत पडली, ‘2000 एडी’ या ब्रिटिश साप्ताहिकातल्या ‘फीन्ड्स ऑफ द ईस्टर्न फ्रंट’मध्ये. लेखक गेरी फिनली-डे, चित्रकार कार्लोस एझ्केरा. दुसऱ्या महायुद्धातली रशियन आघाडी. जर्मनांच्या मदतीला आलेला रुमानियाचा कॅप्टन कॉन्स्टांटा फक्त रात्री लढतो, कारण तो आणि त्याची माणसं रक्तपिपासू आहेत. पुढे रुमानिया बाजू बदलतो, तसा हाही बदलतो.

या मालिकेचं कूळ सगळे ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’पर्यंत (1897) नेतात, फार तर पॉलिडोरीपर्यंत (1819). मी ते आपल्या वेताळापर्यंत नेतो, आणि मधला दुवा आहे रिचर्ड बर्टन.

बर्टन मुंबई लष्करातला अधिकारी. मराठीची परीक्षा दिलेला. 1870 मध्ये त्यानं वेताळपंचविशी आपल्या ढंगात इंग्रजीत आणली आणि शीर्षकातच वेताळाला ‘व्हँपायर’ करून टाकलं. त्याचा वेताळ पायाच्या बोटांवर वटवाघळासारखा उलटा लटकतो. स्टोकरची आणि बर्टनची ओळख होती. 1906 मध्ये नट हेन्री आयर्व्हिंगच्या आठवणी लिहिताना स्टोकर बर्टनच्या वर उचलल्या जाणाऱ्या ओठाचं आणि त्याखाली चमकणाऱ्या सुळ्याचं वर्णन करतो. ड्रॅक्युलाच्या जनकाला इतक्या वर्षांनीही या माणसाचा सुळाच आठवावा, हा मला नुसता योगायोग वाटत नाही.

विरोधी पक्ष लेचापेचा नाही. ट्रान्सिल्व्हेनियातल्या समजुती स्टोकरनं एमिली जेरार्डच्या 1885 च्या लेखातून घेतल्या. वटवाघूळही दक्षिण अमेरिकेतलं म्हणता येईल, कारण ‘ड्रॅक्युला’तच क्विन्सी मॉरिस पंपाच्या माळरानावर वटवाघळानं रक्त शोषलेल्या आपल्या घोडीची हकिगत सांगतो. शिवाय आपला वेताळ पंचविशीत रक्त पीतच नाही. तो गोष्टी सांगतो, कोडी घालतो आणि राजा बोलला की झाडावर परत जातो. रक्ताच्या बाबतीत मी माघार घेतो.

फौजेच्या बाबतीत मात्र नाही. ड्रॅक्युलाच्या वाड्यात नोकरसुद्धा नाही. उलट गावाच्या वेशीवर शेंदूर फासलेला आपला वेताळ भुतांचा राजा आहे. अवसेच्या रात्री त्याची पालखी निघते, पुढे मशाली, मागे भुतावळ. वाटेत येणाऱ्यानं बाजूला व्हायचं. कॉन्स्टांटाची स्वारी याहून वेगळी कुठे आहे? इंद्रजाल कॉमिक्सच्या मराठी अंकांत फँटमचा ‘वेताळ’ झाला, तेही मला सूचक वाटतं. तो जंगल गस्ती दलाचा गुप्त सेनापती. 1942 च्या वृत्तपत्री पट्ट्यांत तर तो जपानी आक्रमकांशी लढला होता.

यावर शेवटचा आक्षेप असा, की ड्रॅक्युलाही आपण तुर्कांविरुद्ध फौजा नेल्याची बढाई मारतो, आणि ड्रॅक्युला हे नाव मूळचं ज्याचं, तो व्लाद 1462 मध्ये खरोखरच ऑटोमनांशी लढला. खरं आहे. पण त्या फौजा जिवंत माणसांच्या होत्या. मेलेल्यांची शिस्तबद्ध पलटण, तिचा एक नायक आणि तिची ठरलेली रात्र, हे सगळं एकत्र मला वेताळाच्याच दारी सापडतं. फिनली-डेनं वेताळाचं नाव कधी ऐकलं असेल असा माझा दावा नाही. बर्टनकडून स्टोकरकडे आणि तिथून इंग्रजी भयकथेत काही झिरपलं असणार, एवढंच माझं म्हणणं. कार्पेथियनवाल्यांनी दात आणि रक्त खुशाल ठेवून घ्यावं, पलटण आमची.