शाळेवर डोळा कुणाचा?

साल 1882, मार्च महिना. तुम्ही भाईंदरजवळच्या खारी गावाच्या बांधावर उभे आहात. एका अंगाला भाताची रिकामी खाचरं, दुसऱ्या अंगाला मिठागरं, आणि पलीकडे वसईची खाडी. ठाणे जिल्ह्याचा हा साष्टी तालुका. मिठाच्या राशींवर सरकारी शिपायाची नजर आहे. मिठावर कर आहे, त्यामुळे पाटीभर मीठ इकडचं तिकडे झालं तरी कागदावर त्याचा जाब द्यावा लागतो. तुमच्या शेजारून दहाएक वर्षांचा आगऱ्याचा मुलगा डोक्यावर पाटी घेऊन जातो आहे. तो शाळेत गेला काय, न गेला काय, त्याबद्दल कुणी कुणाला जाब विचारणार नाही. मिठाचा हिशेब आहे, मुलाचा नाही.

आता तालुक्यातल्या एका सरकारी मराठी शाळेत शिरा. जमीन आजच सारवली आहे. कालच मास्तरांनी बजावलं होतं, "उद्या दिपोटी यायचे आहेत. अंगरखे धुऊन घाला, टोप्या विसराल तर घरी धाडीन." दिपोटी म्हणजे शाळाखात्याचे डेप्युटी इन्स्पेक्टर. ते आले, खुर्चीवर बसले, हजेरीपट उघडला. एकेक नाव पुकारलं जातं, एकेक मुलगा उभा राहतो. कुणी मोडी वाचून दाखवतो, कुणाला दिडकी विचारली जाते, कुणी नकाशावर काठी ठेवतो. तुम्ही मुलांकडे नको, मास्तरांकडे बघा. त्यांची नजर दिपोटींच्या हातातल्या टाकावर खिळली आहे. शेरा वाईट पडला तर त्यांची बढती गेली. वर्षभर ज्यांनी मुलांना धाकात ठेवलं, ते आज स्वतः धाकात आहेत. दिपोटी वर्षातून एकदा येतात, पण शाळा वर्षभर त्या एका दिवसासाठी राबते.

पडवीत एक महाराचा मुलगा बसला आहे. आतलं त्याला अर्धवट ऐकू येतं. दिपोटी त्याच्या समोरूनच आत गेले आणि समोरूनच बाहेर पडतील. त्याला कुणी काही विचारत नाही.

शाळेतली ही नजर आली कुठून, ते बघायला इथून आणखी मागे, 1790 च्या सुमाराच्या मद्रासला चला. एग्मोरच्या अनाथ मुलांच्या शाळेत अँड्र्यू बेल नावाचे पाद्री मुलांकडूनच मुलांना शिकवून घेत आहेत: वाळूवर अक्षरं गिरवायची, हुशार मुलाने मागच्याला शिकवायचं, त्याच्यावर आणखी एकाने लक्ष ठेवायचं. इंग्लंडात जोसेफ लँकेस्टर यांनी अशीच पद्धत रूढ केली. एक मास्तर, शेकडो मुलं, आणि प्रत्येक मुलावर दुसऱ्या मुलाची नजर. 1820 च्या दशकात ती मुंबई इलाख्यात पोचली. जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली तयार झालेले शिक्षक 1826 पासून जिल्ह्याजिल्ह्यांत पाठवले गेले. फ्रेंच विचारवंत मिशेल फुको यांनी 1975 साली तुरुंगाच्या इतिहासावर पुस्तक लिहिलं, तेव्हा त्यात कारखाना आणि इस्पितळाबरोबर याच प्रकारची शाळाही आली. त्यांचं म्हणणं असं की आधुनिक सत्ता माणसाला फटक्यांपेक्षा नजरेनं वठणीवर आणते. जागा ठरवून देते, वेळापत्रक लावते, परीक्षा घेते, नोंद ठेवते. आपल्याकडे कुणीतरी बघत असेल, या समजुतीनं माणूस हळूहळू स्वतःच स्वतःवर पहारा करू लागतो. मास्तरांचा चेहरा तुम्ही पाहिलाच आहे. फुको यांचं म्हणणं खोटं ठरवता येत नाही.

पण पडवीतल्या मुलाचं काय? त्याच्यासाठी सात महिने पुढे, पुण्याला या. 19 ऑक्टोबर 1882. विल्यम हंटर यांच्या शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुले यांनी आपलं निवेदन मांडलं आहे. ते म्हणतात, सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांच्या वाट्याला जातो. बारा वर्षांपर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. महार-मांगांच्या मुलांना बरोबर बसू देत नाहीत, तिथे त्यांच्यासाठी वेगळ्या शाळा काढा. आणि पुढची मागणी नीट ऐका: डेप्युटींची वर्षातली एक भेट पुरेशी नाही. निदान दर तीन महिन्यांनी तपासणी व्हावी, आणि मधूनमधून कुणाला न कळवता शाळेवर जावं.

फुले नजर वाढवायला सांगतात. मला हा सगळ्या वादाचा गाभा वाटतो. फुको यांनी दाखवली ती यंत्रणेच्या आत सापडलेल्या माणसाची घुसमट. फुले बोलतात ते दारातच अडवलेल्या मुलाच्या बाजूनं. ज्याची नोंदच होत नाही, त्याच्यावर अन्याय झाला याचीही नोंद होत नाही. म्हणून फुल्यांना डोळा हवा होता, पण तो मास्तरांवर, खात्यावर रोखलेला. 1917 साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात शिक्षण सक्तीचं केलं आणि मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला, तेव्हा सत्तेची तीच ताकद त्यांनी बहुजनांच्या पोरांसाठी वापरली.

आता झपाट्यानं पुढे या. 1985 मध्ये मीरा-भाईंदर नगरपालिका झाली, 2002 मध्ये महानगरपालिका. खारीच्या आजूबाजूला इमारती उभ्या राहिल्या, शाळेत मराठीबरोबर हिंदी, गुजराती, उर्दू कानावर पडू लागली. मुलाचा हिशेब आता चोख आहे: 'सरल' या सरकारी पोर्टलवर नोंद, आधारची जोडणी, वर 'अपार' हा विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक. नोव्हेंबर 2016 मध्ये शिक्षकांनी दर सोमवारी दहा-दहा विद्यार्थ्यांबरोबर सेल्फी काढून पाठवावा असा आदेश निघाला. विरोध झाल्यावर तो थांबवावा लागला. 2022 मध्ये वर्गात शिक्षकांचे फोटो लावायला सांगितलं गेलं. शिक्षक रात्री घरी बसून माहिती भरतात. दिपोटी आता रोज येतात, मोबाइलमधून.

आणि मग ऑगस्ट 2024. आपल्याच ठाणे जिल्ह्यातल्या बदलापूरला एका शाळेत दोन लहानग्या मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याचं उघड झालं. 20 तारखेला लोकांनी रेल्वे रोखून धरली. दुसऱ्याच दिवशी शाळांमध्ये सीसीटीव्ही सक्तीचे करणारा शासन निर्णय आला. त्या आई-बापांचा संताप मला पूर्णपणे समजतो, आणि कॅमेरा नको असं मी म्हणणार नाही. पण त्या प्रकरणात पालकांना तक्रार नोंदवायलाच तासन् तास ताटकळावं लागलं होतं. चार वर्षांची मुलगी सांगत होती, आई सांगत होती. ऐकून घेणारं कुणी नव्हतं. ती उणीव कॅमेऱ्यानं भरून निघत नाही. शिवाय कॅमेरा मुलांकडे रोखलेला असतो. त्याचा पडदा मुख्याध्यापकांच्या खोलीत, आणि त्या खोलीत पालकाला सहज प्रवेश नाही.

इथे तुम्हाला थांबायचं आहे, कारण उरलेलं काम आजचं आहे. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. त्याच्या 21 व्या कलमानं पालिकेच्या शाळेत शाळा व्यवस्थापन समिती बंधनकारक केली आहे: तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या सदस्य महिला, वंचित घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. शाळेच्या कारभारावर लक्ष ठेवणं हे या समितीचं कायद्यानं ठरवलेलं काम आहे. फुल्यांनी मागितलेला डोळा कायद्यानं पालकांच्या हाती दिला आहे, आणि आपण सभेच्या वहीत सही करून घरी येतो.

तुमचं मूल खारीतल्या किंवा कुठल्याही पालिकेच्या शाळेत असेल तर पुढची सभा चुकवू नका. शाळेतल्या कॅमेऱ्याचं चित्रीकरण कोण बघतं आणि ते किती दिवस ठेवतात, हे विचारा. मुलांची माहिती कुठल्या ॲपवर चढते, हेही विचारा. तक्रारपेटीची किल्ली कुणाकडे आहे आणि ती शेवटची कधी उघडली, याचं उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. आणि पटावर असूनही महिनाभर न आलेल्या मुलाच्या घरी कोण जाऊन आलं, याचं उत्तर मिळाल्याशिवाय उठू नका.