धमनीतला चुना आणि बीडची पिशवी

नालासोपाऱ्यात राहणाऱ्याला गाळ म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. इथलं प्राचीन शूर्पारक बंदर भरभराटीचं होतं. खाडी गाळाने भरली आणि बंदर संपलं. हृदयाच्या धमन्यांत कॅल्शियम साचतं तेही असंच, आपोआप, असं डॉक्टरही बराच काळ मानत होते. १९९३मध्ये लॉस एंजेलिसच्या लिंडा डेमर यांच्या गटाला धमनीच्या चरबट थरात हाड घडवणारं प्रथिन सापडलं. म्हणजे हा नुसता गाळ नाही. तिथल्या पेशी हाडाचं काम करू लागतात. आणि पेशी हार्मोन्सचं ऐकतात.

याची चाहूल आधीच लागली होती. १९५३मध्ये मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी शवविच्छेदनांवरून दाखवलं, की दोन्ही अंडाशयं काढलेल्या बायकांच्या धमन्या इतर बायकांपेक्षा जास्त खराब होत्या. मग निष्कर्ष सोपा वाटला: इस्ट्रोजेन द्या, हृदय वाचवा. अमेरिकेत ते चक्क पुरुषांना दिलं. १९७०मध्ये मोठ्या डोसचा गट बंद करावा लागला, कारण हार्ट अटॅक वाढले. २००२मध्ये पाळी गेलेल्या हजारो बायकांवरची इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनची चाचणीही थांबवली.

पण २००७मध्ये त्याच प्रकल्पातून वेगळं चित्र आलं. गर्भपिशवी काढलेल्या, चाचणीत शिरताना ५० ते ५९ वयाच्या १,०६४ बायकांचं सीटी स्कॅन केलं. नुसतं इस्ट्रोजेन घेतलेल्यांचा सरासरी कॅल्शियम स्कोअर ८३, न घेतलेल्यांचा १२३. कोड लिहिणाऱ्या मला हे ओळखीचं वाटतं: इनपुट कधी दिलं यावर आउटपुट बदलतं. अर्थात स्कोअर कमी म्हणजे अटॅक टळलाच असं नाही. मनाने गोळ्या घेऊ नयेत.

आता बीडकडे या. २०१९मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीसमोर आकडा आला: ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली. पाळीत खाडा नको, मजुरी बुडू नये, हे त्यामागचं एक कारण. नुसती पिशवी काढली तर अंडाशयं हार्मोन बनवत राहतात. तीही काढली तर तिशीतल्या बाईची पाळी एका दिवसात कायमची जाते, आणि धमन्यांचं संरक्षण कित्येक वर्षं आधी सुटतं.

आमच्या बिल्डिंगमधल्या एका मावशींना मी विचारलं, “पिशवीबरोबर अंडाशयंही काढली का?” त्या म्हणाल्या, “ते कुणी सांगितलंच नाही रे.” तुमच्या घरातल्या कुणाचं हे ऑपरेशन झालं असेल, तर जुना डिस्चार्ज कागद शोधा. त्यात हे लिहिलेलं असतं. हृदयाच्या डॉक्टरांना तो दाखवा.