पारव्या रंगाची भिंत

 

दिवाळी तोंडावर आली की आपल्या गावात एकच विचारणा सुरू होते, “पोतून झालं का गं?” आज त्या पोतलेल्या भिंतींबद्दलच बोलू. सिंदेवाही, ब्रह्मपुरीपासून आरमोरी, धानोऱ्यापर्यंत जुन्या वस्तीतून फिरलं की एक रंग पुन्हा पुन्हा दिसतो. पुरता निळा नाही, पुरता राखाडीही नाही. पारव्याच्या पंखासारखा, म्हणून पारवा. ओसरीवर, दाराच्या दोन्ही बाजूंना, कधी नुसता खालचा पट्टा. हा रंग आपल्या भिंतीवर आला कुठून?

चांद्याचा परकोट गोंड राजांनी बांधला, हे शाळेत शिकवतात. घराची भिंत दरवर्षी कोण उभी ठेवते, हे कोणी शिकवत नाही. आपल्याकडची जुनी घरं कुडाची. बांबूचा कुड, त्यावर माती आणि शेणाचा लेप. लाकूड तोडणं, छप्पर चढवणं पुरुषांचं काम. पण पावसाने झडलेली भिंत लिंपायची आणि पोतायची ती बाईनेच. नाल्याकाठची पांढरी माती आणायची, भिजवायची, गाळायची, फडक्याने भिंतीवर ओढायची. खालच्या पट्ट्याला चुलीतली राख नाहीतर जाळलेल्या तणसाची काळी राख. पांढऱ्यात राख पडली की करडा रंग होतो. म्हणजे पारव्यातला राखाडी भाग आपल्या चुलीतला. निळा भाग मात्र लांबून आला.

‘नीळ’ हा शब्द आपण दोन वेगळ्या वस्तूंना वापरतो. एक नीळ झाडाची. तिच्या पाल्यापासून वड्या करत आणि कापड रंगवत. या नीळीने फार रडवलं आहे. बंगालमध्ये गोरे मळेवाले शेतकऱ्याला धानाच्या जमिनीत जबरदस्तीने नीळ लावायला लावत. १८५९ मध्ये तिथल्या शेतकऱ्यांनी नीळ पेरायला नकार दिला आणि मोठा उठाव झाला. बिहारच्या चंपारणात तर वीस कठ्ठ्यांतल्या तीन कठ्ठ्यांत नीळ लावायची सक्ती होती. १८९७ मध्ये जर्मनीच्या कारखान्याने रसायनाची नीळ बाजारात आणली आणि झाडाच्या नीळीचा भाव पडला. तो तोटाही मळेवाल्यांनी वाढीव खंड लावून शेतकऱ्यांवरच टाकला. १९१७ मध्ये गांधीजी चंपारणात गेले, शेतकऱ्यांच्या जबान्या लिहून घेतल्या आणि १९१८ च्या कायद्याने ही सक्ती गेली. आपणही धान पिकवणाऱ्या बाया. पोटाच्या पिकाच्या जागी दुसऱ्याच्या फायद्याचं पीक लावायला लागणं म्हणजे काय, ते आपल्याला समजावून सांगावं लागत नाही.

दुसरी नीळ पुडीतली. धुतलेल्या पांढऱ्या कपड्यांना देतो ती. भिंतीवर आली ती ही. तिचा मूळ रंग एका दगडाचा. अफगाणिस्तानातल्या डोंगरात लाजवर्द नावाचा निळा दगड मिळतो. तो कुटून केलेला रंग दीड हजार वर्षांपूर्वी आपल्या अजिंठ्याच्या लेण्यांतही वापरला गेला. युरोपात तर एके काळी तो सोन्याच्या मोलाने विकला जाई. गरिबाच्या भिंतीला तो लागणं शक्यच नव्हतं.

मग १८२४ मध्ये फ्रान्समधल्या एका संस्थेने जाहीर केलं की, हा निळा स्वस्तात करून दाखवेल त्याला सहा हजार फ्रँकचं बक्षीस. १८२८ मध्ये गिमे नावाच्या माणसाला ते मिळालं. त्याच वर्षी जर्मनीत ग्मेलिन यांनीही आपली रीत छापली. या रंगात काय असतं? पांढरी चिनी माती, सोडा, गंधक आणि कोळसा, भट्टीत तापवलेले. माती आणि कोळसा! चांद्याच्या बाईला या दोन्हींची काय नवलाई? पण त्यांतून राजांचा रंग निघाला आणि पुढे पुडी होऊन बाजारहाटापर्यंत आला.

पुडीतल्या नीळीचा एक गुण आपल्या फार कामाचा. चुना तिखट असतो, काही निळे रंग त्यात टिकत नाहीत, तपकिरी पडतात. ही नीळ चुन्यात टिकते. चुन्याचा पिवळटपणाही ती लपवते. म्हणून आपल्या आज्यांनी चुन्यात चिमूट टाकली, मग दोन चिमटी टाकल्या. कोणीतरी त्यात राखेचं पाणी मिसळलं आणि पारवा रंग झाला. त्या बाईचं नाव कुठेच लिहिलेलं नाही.

निळ्याला आपल्या जिल्ह्यात आणखी एक अर्थ आहे. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चांद्यात हजारो लोकांना धम्मदीक्षा दिली. निळा झेंडा त्याआधीच चळवळीचा झाला होता. त्यानंतर कित्येक घरांची निळी भिंत ही मानाने उभं राहण्याची खूण झाली. रंग तोच, एका घरी तो सणाचा, दुसऱ्या घरी स्वाभिमानाचा. दोन्ही भिंती पोतणारे हात बायांचेच.

आता घरं बदलली. कुड गेला, विटा-सिमेंट आलं. सिमेंटसाठीची चुनखडी आपल्याच कोरपना, राजुऱ्याकडून निघते. घरकुल आता बाईच्या नावे किंवा नवराबायकोच्या जोडनावे मंजूर होतं. कागदावर नाव आलं. रंग मात्र बरेचदा दुकानदार ठरवतो.

आमच्याच गटाची गोष्ट सांगतो. बैठकीची खोली मातीची. एका वर्षी वर्गणी काढून आम्ही डब्यातला महागाचा ऑइल पेंट आणला. ‘पाच वर्षं बघायला नको,’ असं दुकानदार म्हणाला होता. दिवाळीत भिंत चकचकीत दिसली. पावसाळ्यात रंगाला फोड आले आणि पोपडे मातीसकट गळाले. मातीची भिंत ओल घेते आणि सोडते. वरून रंगाची पातळ कातडी बसली की ओल आतच कोंडते. चुना आणि माती ती ओल बाहेर जाऊ देतात. हे आमच्या सासवांना ठाऊक होतं. आम्ही त्यांना विचारलंच नाही.

म्हणून मातीच्या आणि जुन्या चुन्याच्या भिंतीला चुनाच लावा. रीत अशी. कळीचा चुना पाण्यात टाकला की उकळतो. लेकरं दूर ठेवा, डोळे सांभाळा, हाताला फडकं किंवा मोजे घाला. काही दिवस मुरू द्या, मग कापडातून गाळा. नीळ वेगळ्या भांड्यात पाण्यात कालवा, कोरडी टाकली तर भिंतीवर ठिपके उठतात. चाळलेल्या राखेचं पाणी शेवटी, थोडं थोडं. ओला रंग गडद दिसतो, वाळला की बराच फिका होतो. म्हणून आधी हातभर जागेवर लावून एक रात्र थांबा. भिंत ओली करूनच पोता, आणि जाड एका हातापेक्षा पातळ दोन हात द्या.

सिमेंटच्या भिंतीला डब्यातला रंग चालतो. तो घेताना डब्यावर शिशाबद्दल काय लिहिलं आहे ते वाचून घ्या, वाचता येत नसेल तर शाळेतल्या पोरीकडून वाचून घ्या. १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसं चालत नाही. जुना ऑइल पेंट कोरडा खरवडू नका. ती धूळ लहान लेकरांच्या पोटात गेली तर वाढीला आणि बुद्धीला इजा करते.

या दिवाळीआधी प्रत्येक गटाने एक काम करावं. गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईजवळ बसावं आणि विचारावं, “आजी, तुम्ही पांढरी माती कोणत्या नाल्यावरून आणत होत्या? राख किती टाकत होत्या?” ती सांगेल ते वहीत लिहावं आणि तिचं नावही लिहावं. परकोट बांधणाऱ्या राजाचं नाव जपलं गेलं. आता पोतणाऱ्या बाईचंही जपू या.