संकल्पनाबोधक चित्रपुस्तके

संकल्पनाबोधक चित्रपुस्तके : अंक, अक्षरे, रंग, आकार, लहान-मोठे, आत-बाहेर, आधी-नंतर अशा प्राथमिक कल्पनांची चित्रांतून ओळख करून देणारी पुस्तके. ती मुख्यतः तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी असतात. त्यांत गोष्ट असलीच तर नावापुरती असते. एकच कल्पना पानोपानी निरनिराळ्या वस्तूंतून समोर येत राहते.

रचना : चांगल्या पुस्तकात एका वेळी एकच गुण बदलतो. लहान-मोठे दाखवताना वस्तूंचे रंगही बदलले, तर मुलाने नेमका कोणता फरक टिपला हे कळत नाही. मोजायच्या वस्तू सुट्या आणि एकमेकींना न झाकणाऱ्या असाव्या लागतात. ‘चार’ म्हणजे विशिष्ट चार वस्तू नव्हेत हे उमगण्यासाठी चार बैलही हवेत आणि चार चांदण्याही. ण आणि ळ यांनी मराठी शब्द सुरू होत नसल्याने अक्षरचित्रांत ‘बाण’ व ‘बाळ’ येतात आणि मुलाला अक्षर शब्दाच्या शेवटी शोधावे लागते. संख्यानामांचीही अडचण आहे : ‘एकोणतीस’ ऐकताना तीस कानी पडते, लिहिताना मात्र आधी दोन येतो. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २०१९ मध्ये ‘एकवीस’साठी ‘वीस एक’ अशा वाचनाचा पर्याय आला, तेव्हा त्यावर महाराष्ट्रभर वाद झाला.

इतिहास : शिक्षणतज्ज्ञ कॉमेनियसचे ‘ऑर्बिस पिक्टस’ (१६५८) हे मुलांसाठीचे आरंभीचे सचित्र पाठ्यपुस्तक मानले जाते. मराठी घरांत हे काम दीर्घकाळ अंकलिपीने केले. मुळाक्षरे, बाराखडी, अंक, पाढे आणि प्रत्येक अक्षराचे एक चित्र, असे तिचे स्वरूप. तिचा भर पाठांतरावर होता. चित्र अक्षराच्या आठवणीपुरते असे. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) व अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांनी १९४५ पासून बोर्डी येथे आणि पुढे कोसबाड येथे बिया, शिंपले, पाने यांसारख्या परिसरातील वस्तूंतून बालशिक्षण उभे केले. ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेल्या माधुरी पुरंदरे यांच्या ‘चित्रवाचन’मध्ये चित्र हाच बोलण्याचा विषय आहे. पुरंदरे यांना २०१६ मध्ये बिग लिटल बुक पुरस्कार मिळाला. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या मंचावर २०१५ पासून मराठीसह अनेक भाषांतील चित्रपुस्तके मोफत वाचता व छापून घेता येतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने (२०२०) तीन ते आठ हा वयोगट पायाभूत टप्पा ठरवल्याने अशा साहित्याची गरज वाढली.

जुन्नर-आंबेगाव परिसर : पुस्तकातील चित्रे मुलाच्या ओळखीच्या जगातली का हवीत, हे या परिसराच्या उदाहरणातून दिसते. पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील या दोन तालुक्यांत मुलांचे अनुभवविश्व पूर्व-पश्चिम बदलते. पूर्वेकडे नारायणगाव-मंचरच्या बागायतीत टोमॅटो, कांदा, द्राक्षे रोज दिसतात. पश्चिमेकडील डोंगराळ पट्ट्यात महादेव कोळी, ठाकर, कातकरी समाजांची वस्ती आहे. तेथील अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात येतात आणि आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय घोडेगावला आहे. शहरी चित्रांच्या पुस्तकात लिफ्टमधून ‘वर-खाली’ शिकवले, तर डोंगराळ पट्ट्यातील मुलाला आधी लिफ्ट समजून घ्यावी लागते. डोंगर चढणे-उतरणे मात्र त्याच्या पायाखालचे आहे. बाळहिरडा (हिरड्याचे कोवळे, लहान फळ) आणि मोठा हिरडा यांतून आकारभेद व वर्गीकरण मांडता येते. राब भाजणे, पेरणी, आवणी (रोपांची लावणी), कापणी, झोडणी या भातशेतीच्या कामांतून ‘आधी-नंतर’चा क्रम मिळतो.

मर्यादा : वजन, स्पर्श, वास, आवाज कागदावर उतरत नाहीत. ‘जड-हलके’ दाखवणाऱ्या चित्रात मूल बहुधा आकारच पाहते आणि मोठे ते जड असे समजते. कापसाचे गाठोडे आणि वरवंटा हाती दिल्यावरच हा समज मोडतो. म्हणून अंगणवाडीत वा घरी आधी वस्तू, मग तिचे चित्र आणि शेवटी अंक किंवा अक्षर हा क्रम उपयुक्त ठरतो. मोठ्यांनी नाव सांगून पान उलटण्यापेक्षा “काय दिसतंय? कशावरून?” असे विचारले, तर तेच पुस्तक पुन्हा पुन्हा वापरता येते.