बांधकाम परवानगी, मुंबई

बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत इमारत नव्याने बांधणे, वाढवणे किंवा तिचा वापर बदलणे यांसाठी घ्याव्या लागणाऱ्या मंजुऱ्यांची मालिका. बोलताना ‘परवानगी’ असे एकवचनी म्हटले जात असले, तरी ती एका कागदाने मिळत नाही. आय.ओ.डी. (इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल), सी.सी. (कमेन्समेंट सर्टिफिकेट) आणि ओ.सी. (भोगवटा प्रमाणपत्र) हे तिचे मुख्य टप्पे. पहिल्या आणि शेवटच्या टप्प्याचे मूळ १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमात आहे, तर मधल्याचे १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमात. जुना कायदा मुख्यतः इमारतीकडे पाहतो, म्हणजे तिची मजबुती, मोऱ्या, उजेड. नवा कायदा जमिनीच्या वापराकडे पाहतो. मुंबईच्या पद्धतीतली बरीच गुंतागुंत या दोहोंच्या सांध्यात आहे.

कायद्याची बैठक. १८८८ च्या अधिनियमानुसार बांधकाम करू इच्छिणारा मालक आयुक्तांना तशी नोटीस देतो (कलम ३३७). ठरावीक मुदतीत हरकत आली नाही, तर तो काम सुरू करू शकतो (कलम ३४५). आयुक्तांना हरकत घेता येते आणि काय केले असता ती उरणार नाही, हेही कळवता येते (कलम ३४६). बांधण्याचा हक्क मालकाचा, अडवण्याचा अधिकार पालिकेचा, अशी ही मांडणी आहे. त्यामुळे नकाशे मंजूर झाल्याचा कागद मुंबईत ‘इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल’, म्हणजे आय.ओ.डी., या नावाने, अटींच्या छापील यादीसह हातात पडतो. सी.सी. घेतल्याशिवाय काम सुरू करू नये, ही त्यातल्या पहिल्या अटींपैकी एक. स्ट्रक्चरल इंजिनिअरची नेमणूक, सखल भूखंडावर भराव, कुंपणभिंत, पर्जन्यजलाचा निचरा अशा अटी पुढे येतात. झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण याच टप्प्याला आय.ओ.ए. (इंटिमेशन ऑफ अप्रूव्हल) म्हणते.

१९६६ च्या अधिनियमाची बैठक उलट आहे. विकास आराखडा करण्याचा इरादा जाहीर झाला, की नियोजन प्राधिकरणाच्या परवानगीखेरीज कोणताही ‘विकास’ करता येत नाही (कलम ४३). अर्ज कलम ४४ खाली, निर्णय कलम ४५ खाली. अर्जावर ६० दिवसांत निर्णय कळवला नाही, तर परवानगी मिळाली असे मानावे, अशी तरतूद त्यात आहे. मात्र प्रस्ताव नियमांत बसणारा असला पाहिजे. तो बसतो की नाही हेच बहुधा वादाचे मूळ असल्याने या तरतुदीच्या भरवशावर पाया खणण्याचे धाडस सहसा कोणी करत नाही. सी.सी.ची मुदत एक वर्ष. ती वाढवता येते, पण वाढीव मुदत तीन वर्षांपलीकडे नाही (कलम ४८).

उजेड आणि वारा. नियमांच्या इतिहासात हा भाग सर्वांत महत्त्वाचा मानावा लागेल, जरी आजच्या चर्चेत चटई क्षेत्रापुढे तो मागे पडला आहे. १८९६ च्या प्लेगनंतर दाट वस्तीतल्या खोल्यांचा अंधार हे रोगाचे कारण मानले गेले. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने वस्त्या पाडण्याबरोबर नव्या इमारतींच्या रचनेकडेही लक्ष वळवले. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा हिरिरीने पुरस्कार केला. खिडकीच्या तळापासून बाहेर या कोनात रेषा काढली, तर समोरच्या बांधकामाने ती अडता कामा नये. भूमितीने पाहिले तर मोकळी जागा समोरच्या उंचीच्या निम्मी असावी, असा याचा अर्थ होतो. या कोनाने इमारतीची उंची आणि तिच्याभोवतीची रिकामी जमीन एकमेकांना बांधली. सामासिक अंतराच्या पुढील सर्व नियमांचा गाभा तोच. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत हे प्रमाण सर्वसाधारणपणे उंचीच्या एक-तृतीयांशावर आले होते.

ट्रस्ट १९३३ मध्ये महापालिकेत विलीन झाला. चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या क्षेत्रफळाशी बांधीव क्षेत्राचे प्रमाण, १९६० च्या दशकात आला. १९९१ च्या नियमावलीने तो शहरात १.३३ आणि उपनगरांत १ असा ठेवला. सध्याची नियमावली (विकास आराखडा २०३४) १ सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे.

सवलती. भूखंड अरुंद वा वेडावाकडा असला, की मोकळ्या जागेचा नियम जसाच्या तसा पाळता येत नाही. अशा वेळी आयुक्तांनी अडचण ध्यानात घेऊन नियम शिथिल करावा, अशी तरतूद १९९१ च्या नियमावलीत होती (नियम ६४) आणि आजच्या नियमावलीतही आहे. बांधकाम प्रस्ताव खात्यात आणि आर्किटेक्टच्या कार्यालयात याला ‘कन्सेशन’ म्हणतात. उणीव किती, ती का सोसावी आणि प्रीमियम किती भरावा, याचा अहवाल आयुक्तांकडे जातो. अपवादासाठी ठेवलेली ही वाट पुढे सर्रास वापरली जाऊ लागली. बाल्कनी, फुलझाडांचे कट्टे, कपाटांचे कोनाडे असे भाग चटई क्षेत्रातून वगळून घेतले जात आणि नंतर घरात सामावले जात. आयुक्त सुबोध कुमार यांच्या कारकिर्दीत, जानेवारी २०१२ मध्ये, असे भाग चटई क्षेत्रात धरण्यात आले आणि त्या बदल्यात प्रीमियम घेऊन निवासी इमारतींना ३५ टक्के, व्यापारी इमारतींना २० टक्के जादा ‘फंजिबल’ क्षेत्र देण्यात आले. आयुक्तांच्या मर्जीचा बराचसा भाग अशा रीतीने दरपत्रकात गेला. त्याने गैरव्यवहार किती आटोक्यात आला, याविषयी मतभेद आहेत.

कार्यपद्धती. मालमत्ता पत्रक किंवा सात-बारा, मोजणी नकाशा, डी.पी. रिमार्क (विकास आराखड्यातील भूखंडाविषयीचा शेरा) आणि नकाशे घेऊन आर्किटेक्ट किंवा लायसन्स्ड सर्व्हेयर प्रस्ताव दाखल करतो. अर्ज आता ऑनलाइन असले, तरी नकाशावरच्या रंगांची जुनी भाषा टिकून आहे. प्रस्तावित काम लाल, पाडायचे काम पिवळे. प्रस्तावागणिक अग्निशमन दल, वृक्ष प्राधिकरण, विमानतळ प्राधिकरण, पुरातन वास्तू समिती, किनारा क्षेत्र प्राधिकरण यांची ना हरकत लागते. सी.सी. प्रथम जोत्यापुरती मिळते. जोते तपासून ते मंजूर नकाशाप्रमाणे आहे असे दिसले, की वरच्या मजल्यांची सी.सी. टप्प्याटप्प्याने दिली जाते. मध्येच नकाशे बदलले, तर सुधारित मंजुरी घ्यावी लागते.

राडारोडा. देवनार आणि मुलुंड येथील कचराभूमींच्या प्रकरणात कचऱ्याच्या विल्हेवाटीचे नियम पाळले जात नसल्यावरून मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१६ मध्ये नव्या बांधकामांच्या परवानग्या थांबवल्या. पुनर्विकास त्यातून वगळला होता. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी अटींवर शिथिल केली. बांधकामाचा राडारोडा कोठे टाकणार, हे दाखवणे तेव्हापासून परवानगीचा ठळक भाग झाले.

भोगवटा. काम पूर्ण झाल्याची नोटीस दिल्यावर तपासणी होऊन भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजेच ओ.सी., मिळते (१८८८ च्या अधिनियमाचे कलम ३५३अ). २१ दिवसांत नकार कळवला नाही, तर राहायला जाता येते, असे कायद्याचे शब्द आहेत. या मालिकेतला सर्वांत कच्चा दुवा हाच. आय.ओ.डी. आणि सी.सी. यांवाचून विकासकाला कर्ज आणि ग्राहक मिळणे कठीण. ओ.सी.ची वेळ येते तेव्हा सदनिका बहुधा विकल्या गेलेल्या असतात. उरलेल्या अटी पुऱ्या करण्याची निकड त्यानंतर रहिवाशांना असते, विकासकाला नाही. ओ.सी. नसलेल्या इमारतींकडून महापालिका पाण्याचा दर दुप्पट घेत आली आहे. भुर्दंड अर्थातच रहिवाशांवर पडतो. वरळीच्या कॅम्पा कोला वसाहतीत मंजुरी पाच मजल्यांची होती. १९८० च्या दशकात तेथील एक इमारत २० मजल्यांपर्यंत गेली. फेब्रुवारी २०१३ मध्ये वरचे मजले नियमित करावेत ही रहिवाशांची बाजू सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. २०१७ पासून महारेरा (स्थावर संपदा नियामक प्राधिकरण) नोंदणीसाठी सी.सी. दाखवावी लागते. मात्र बनावट परवानग्यांवर नोंदणी झाल्याचे कल्याण-डोंबिवलीतील ६५ इमारतींच्या प्रकरणात पुढे आले.

जागतिक क्रमवारी. जागतिक बँकेच्या ‘डुइंग बिझनेस’ अहवालात भारताची मोजणी दिल्ली आणि मुंबई या दोन शहरांवरून होत असे. बांधकाम परवानगीच्या निकषावर भारत २०१८ च्या अहवालात १८१ वा, २०१९ च्या अहवालात ५२ वा आणि २०२० च्या अहवालात २७ वा होता. मोजणीसाठी दुमजली गोदामाचा कल्पित प्रस्ताव धरला जाई. त्यात ना भाडेकरू होते, ना संक्रमण शिबिर, ना समाईक भिंत. गिरगावच्या चाळीचा पुनर्विकास करणाऱ्याने या आकड्यांवरून आपल्या कामाचा अंदाज बांधू नये. आकडेवारीतील अनियमिततेनंतर बँकेने २०२१ मध्ये हा अहवाल बंद केला.

अन्य नियोजन प्राधिकरणे. वांद्रे-कुर्ला संकुलात एम.एम.आर.डी.ए., झोपडपट्टी योजनांत झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण, स्वतःच्या वसाहतींत २०१८ पासून म्हाडा.

अपील. १९६६ च्या अधिनियमाच्या कलम ४७ नुसार राज्य शासनाकडे.

उर्वरित महाराष्ट्र. बहुतांश भागात डिसेंबर २०२० पासून एकत्रित नियमावली लागू आहे. तीत १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर शुल्क भरल्याची पावती हीच परवानगी मानली जाते.